पुठ्ठ्याचं बिनइंजिनाचं विमान

माझ्या उजव्या हाताचा अंगठा थरथरतो. चिंचोळी एमआयडीसीतल्या त्या खोक्यांच्या कारखान्यात पहिल्यांदा गेलो तेव्हा मी हात खिशात घालून उभा राहिलो. शेठसमोर असं उभं राहणं आमच्या पिढीत कुणी केलं नसतं. पण अंगठा दिसला असता तर बोलणं तिथंच संपलं असतं. उद्धट म्हणाले तर म्हणू देत, म्हातारा म्हणायला नको, एवढाच माझा विचार होता.

सोलापूरच्या भवानी पेठेत मी चाळीस वर्षं जकार्डची कार्डं पाडली. म्हणजे काय, ते सांगतो. चादरीवर मोर उमटतो, वेल उमटते, ती मागाला कुठून कळते? पुठ्ठ्याच्या लांब पट्ट्या असतात, त्यांवर भोकं असतात. भोक असेल तिथं दोरा उठतो, नसेल तिथं बसून राहतो. ती भोकं पाडायची माझी विद्या. शाळा चौथीपर्यंत. पण एक भोक चुकलं तर मोराचा डोळा मानेवर येतो, आणि माझ्या मोराचा डोळा चाळीस वर्षांत एकदाही हलला नाही. मग कंप्युटरवाले माग आले, पट्ट्या संपल्या, आमचं दुकान बंद झालं. दोन वर्षं घरात बसून होतो. गल्लीतले म्हणायचे, "आता आराम करा की मामा." आराम हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरायचं.

तेवढ्यात कळलं, त्या कारखान्यात सॅम्पल कापणारा माणूस पाहिजे. गिऱ्हाईक खोक्याचं ड्रॉइंग पाठवतं, त्यावरून पहिलं खोकं हातानं कापून, घड्या घालून दाखवायचं असतं. खिडकीखाली एक मोठं टेबल, स्टीलची पट्टी, चार तऱ्हेच्या सुऱ्या. टेबल पाहिलं आणि मला ते पाहिजेच झालं. पगार किती, ते विचारायचंही सुचलं नाही.

शेठ चाळिशीतला माणूस, शांत बोलणारा. त्याच्या केबिनमध्ये कपाटभर कागदी विमानं. सगळी स्वतः केलेली.

"इंग्रजी येतं ना, मामा?" त्यानं विचारलं. "ड्रॉइंगवर सगळं इंग्रजीत लिहिलेलं असतं."

"येतं की. कामापुरतं."

खोटं बोललो. मला इंग्रजी आकडे येतात. अक्षरं तोंडओळखीची आहेत. त्यांचे शब्द झाले की ती मला ओळख देत नाहीत.

त्यानं कपाटातून एक पातळ कागदांची गुंडाळी काढली. लढाईच्या काळात जर्मन लोकांनी एक विमान करून बघितलं होतं, तेच कागदाचं छोटं करायचं हे ड्रॉइंग. विमानाला इंजिनच नाही. दुसऱ्या विमानानं दोरीनं ओढत वर न्यायचं आणि सोडून द्यायचं. मग ते घसरत खाली यायचं, आणि खाली येता येता पायलटनं शत्रूच्या विमानांवर गोळ्या झाडायच्या. पायलट बसायचा नाही, नाकात पालथा झोपायचा.

"झोपून लढाई?" मी म्हणालो.

"झोपला की समोरून कमी दिसतो. गोळी लागायची शक्यता कमी." शेठ हसला. "पण लढाईत गेलंच नाही. करून बघितलं, उडवून बघितलं, एवढंच."

मग त्यानं जाड पांढऱ्या कागदाचे चार ताव मोजून माझ्यासमोर ठेवले. "हे विमान करून आणा. चारच ताव. पाचवा मागायचा नाही, सॅम्पलवाल्यानं कागद वाया घालवून चालत नाही. शनिवारी बारा वाजेपर्यंत. जमलं तर टेबल तुमचं."

सोमवार होता. पाच दिवस मिळाले.

घरी आलो. मंडळींनी गुंडाळी उलगडून बघितली. आमच्या मंडळींचं माहेर अक्कलकोटच्या बाजूचं, रागावल्या की कन्नडवर येतात. त्या दिवशी अजून रागावल्या नव्हत्या. कागदाच्या कडेला बारीक अक्षरांत वर जर्मन आणि खाली इंग्रजी असं बरंच काही लिहिलेलं होतं. त्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे काय लिवलंय?"

"कसं करायचं ते."

"मग तुमाला कसं कळायचं?"

"चित्र हाय की समोर. चित्र बघून चाळीस वर्षं मोर काढले, कुणी वाचून दाखवलं होतं का?"

"समोरच्या मास्तरीणबाई इंग्रजी शाळेत शिकवतात. दोन मिनिटांचं काम हाय. विचारून येऊ?"

"न्हाय."

"का न्हाय?"

"न्हाय म्हणजे न्हाय."

समोरच्या घरातली ती सून मला काका म्हणते. तिच्या लग्नातल्या आहेराच्या चादरीची कार्डं मी पाडली होती. तिच्या दारात कागद घेऊन उभं राहायचं आणि म्हणायचं, बाई, हे वाच गं? माझी जीभ वळली नसती.

मला दिव्याच्या उजेडात काम होत नाही. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून दिव्याभोवती गोल कडं दिसतं. त्यामुळे जे काही करायचं ते सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. आणि दिवस उन्हाळ्याचे. सोलापूरचं ऊन कसं असतं ते सोलापूरकराला सांगायला नको. त्यात पंखा लावता येत नाही, कारण कापलेले तुकडे उडतात. पहिल्या दिवशी शेपटीचा एक तुकडा उडून मोरीत गेला, तो सुकवून इस्त्री करून वापरला. तेव्हापासून पंखा बंद. दार बंद. मी बनियनवर, मान कागदावर, आणि नाकाच्या टोकावरून घाम पडू नये म्हणून कपाळाला टॉवेलची पट्टी.

मंडळी उंबऱ्यावर बसून पदरानं वारा घ्यायच्या. "साकु, साकु! पुरे झालं! जर्मनीचा माणूस मेला तो मेला, आता आमाला मारायला निघालाय!"

"गप बस. सुरी हातात हाय."

अंगठ्याचं सांगायचं राहिलं. तो सारखा थरथरत नाही. थरथरतो, थांबतो, पुन्हा थरथरतो. मी त्याची चाल ओळखून घेतली होती. थांबला की श्वास धरायचा आणि एक रेघ ओढायची. पुन्हा सुरू झाला की सुरी उचलायची. एका बोटभर रेघेला कधी तीन वेळा थांबावं लागायचं. ड्रॉइंगच्या रेघा तावावर उतरवायला मी टाचणी वापरली. ड्रॉइंग वर, ताव खाली, कोपऱ्याकोपऱ्यावर टोचे. मग टोचे जोडून कापायचं. शिसपेन लागली नाही. भोकं पाडण्यात मी कुणाला हार जाणार नाही.

नाकानं माझे दोन दिवस खाल्ले. ते गोल आहे आणि पुढं निमुळतं होतं. कागद गोल व्हायला तयार नसतो, त्याला मनवावं लागतं. बारा पाकळ्या कापून, एकेक पाकळी चमच्याच्या पाठीनं घासून वळवली, आतून चिकटपट्टी न लावता नुसती खळ लावून जोडली. बाहेर खळीचा एक डाग नाही. बुधवारी संध्याकाळी नाक तयार झालं तेव्हा मंडळींनी हातात घेऊन चारही बाजूंनी बघितलं. काही बोलल्या नाहीत. न बोलणं ही त्यांची मोठी शाबासकी.

मग पायलट. करंगळीएवढा माणूस, ड्रॉइंगमध्येच होता. त्याला पोटावर आडवा निजवला, हनुवटी टेकवली.

"हा असा का पडलाय? पोटात कळ आलीय का?"

"लढतोय तो."

"आमच्या घरात पण एक असाच लढतो," मंडळी म्हणाल्या. "दुपारी जेवून."

गुरुवारी पंख घेतले. ड्रॉइंगमध्ये पंख एकच दिला होता. शेजारी काहीतरी दोन ओळी लिहिलेल्या, आणि इंग्रजी दोनचा आकडा. आकडा मला कळला. दोन करायचे. आमच्या धंद्यात हेच असतं. चादरीवर एका ओळीत वीस फुलं असली तरी वीस फुलांची कार्डं कुणी पाडत नाही. एका फुलाची पाडायची, माळ करून मागावर फिरत ठेवायची, माळ पुन्हा आली की तेच फूल पुन्हा. मी एका पंखाचे टोचे पाडले, तेच टोचे दुसऱ्या तावावर पाडले, दोन पंख कापले, आत पट्ट्यांच्या आडव्या फासळ्या घातल्या, वरचा कागद फुगवून चिकटवला. पंखाची पुढची कड जाड, गोल. मागची कड पात्यासारखी पातळ. वरून फुगवटा, खालून सपाट. दोन्ही पंख दोरीवर चिमट्यानं वाळत घातले. ते हलकेच फिरत होते. चारही ताव संपले होते. उरली ती नुसती कात्रणं.

शुक्रवारी शेपूट बसवली, खालची घसरपट्टी बसवली. या विमानाची चाकं वर गेल्यावर पडून जातात आणि उतरताना ते पोटावर घसरत येतं, असं शेठ म्हणाला होता. पंख शेवटी लावायचे असतात, वाळू द्यावेत म्हणून ठेवले.

शनिवारी सकाळी साडेआठ वाजता उजवा पंख खाचेत घातला. टच बसला. मग डावा घेतला.

डावा बसेना.

म्हणजे खाचेत बसला, पण पातळ कड पुढं आली आणि जाड कड मागं. मी तो काढला, फिरवला. आता जाड कड पुढं आली, पण फुगवटा खाली गेला आणि सपाट बाजू वर. पुन्हा काढला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा फिरवताना मला कळलं. दोन्ही पंख उजवे होते.

डाव्या हाताचा मोजा उजव्या हातात जात नाही, हे बाळालाही कळतं. पण माझं डोकं फुलांत अडकलं होतं. फूल पुन्हा आलं की तेच येतं, त्याला डावं-उजवं नसतं.

घड्याळात पावणेनऊ. बस साडेदहाची. ताव एकही नाही.

मंडळींनी माझं तोंड बघितलं. "काय झालं?"

मी दाखवलं. त्यांनी पंख घेतला, उलटा केला, सुलटा केला. "मग उलटा घाला की. आपली चादर न्हाय का दोन्ही बाजूंनी चालत?"

त्या चेष्टा करत होत्या की खरंच म्हणत होत्या, मला कळलं नाही. पण मी उलटा घातला. जाड कड पुढं, फुगवटा खाली. लांब धरून बघितलं. वरून बघणाऱ्याला सहज कळलं नसतं. पांढऱ्यावर पांढरं, दोन्ही पंख सारख्या लांबीचे. हात फिरवला तरच कळेल. मी खळ लावली आणि तो तसाच पक्का केला.

"चालंल?" मंडळींनी विचारलं.

"चालंल."

चादरीच्या मोठ्या खोक्यात विमान ठेवलं, बाजूनं धोतराच्या चिंध्या दाबल्या. बसमध्ये बसायला जागा मिळाली तरी खोकं मांडीवर धरून सारखा उठत होतो. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, बॉम्ब हाय का काय त्यात?" मी हसलो नाही. मला एकच दिसत होतं, शेठचा हात पंखावरून फिरतोय.

साडेअकराला पोचलो. शेठनं खोकं टेबलावर ठेवायला सांगितलं. त्याच टेबलावर. भोवती चार-पाच कामगार जमले, काहींच्या हातात अजून पुठ्ठे होते. शेठनं विमान दोन्ही हातांनी बाहेर काढलं आणि पहिल्यांदा नाक बघितलं. मग नाकातल्या खिडकीच्या भोकातून आत डोकावला.

"अरे! झोपवलाय की बरोबर." कामगारांना म्हणाला, "बघा रे, जोड कुठंय ते दाखवा."

कुणाला दाखवता आला नाही. माझा ऊर भरून आला, पण डोळे डाव्या पंखावरच होते.

"सूचना वाचल्या ना नीट?" शेठ सहज म्हणाला.

"वाचल्या की."

झालं. त्यानं मान हलवली. पंखावरून हात फिरवलाच नाही. माझ्यावर भरवसा ठेवला. विमान नाकाच्या मागं चिमटीत धरलं आणि माल चढवायच्या उंच ओट्याकडं चालायला लागला. "चला, सोडून बघू."

ओट्यावरून खालची शेड लांबच लांब दिसत होती. सगळ्यांनी कामं थांबवली. शेठनं हात मागं घेतला. मला पुढचं सगळं दिसलं. उलटा पंख त्याला खाली दाबणार, विमान कलंडणार, गिरकी घेत सिमेंटवर नाकावर पडणार. बारा पाकळ्या. आणि मग शेठ ते उचलून बघणार, पंख चाचपणार, आणि सगळ्यांसमोर त्याला कळणार. चूक विमानानं सांगायची आणि मी बाजूला उभा राहून ऐकायची, हे मला सोसणार नव्हतं.

"थांबा!"

एवढ्या मोठ्यानं ओरडलो की खाली कुणाच्या तरी हातातला पुठ्ठा पडला. शेठचा हात तसाच वर.

"दोन्ही पंख उजवे हायत," मी म्हणालो. "डावा उलटा लावलाय. सोडू नका, पडंल."

त्यानं हात खाली आणला. पंखावरून अंगठा फिरवला. वर, मग खाली. "ड्रॉइंगवर लिहिलं होतं की. दुसरा पंख उलटा करून काढा."

"मला इंग्रजी वाचता येत न्हाय."

मशीनं बंद होती, शेडभर ऐकू गेलं.

"पंखाचं काही नाही, मामा," शेठ म्हणाला. आवाज चढवला नाही, त्यानं तर जास्त लागलं. "पंख चुकतो. पण मी पहिल्या दिवशी विचारलं होतं. आत्ता परत विचारलं. उद्या तुम्ही हजार खोक्यांचा साचा असाच 'वाचला की' म्हणून कापून ठेवाल." त्यानं विमान खोक्यात ठेवलं, चिंध्यासुद्धा नीट दाबल्या आणि खोकं माझ्या हातात दिलं. "या तुम्ही."

बस स्टॉपपर्यंत मला कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मंडळींना सगळं सांगितलं. मला वाटलं आता कन्नड सुरू होणार. त्या उठल्या, पाणी दिलं, पंखा लावला. पाच दिवसांनी तो पंखा फिरला आणि कात्रणं घरभर उडाली.

रविवारी सकाळी मी ड्रॉइंग घेऊन समोरच्या दारात उभा राहिलो. अंगण झाडत होती ती. "काय काका?" म्हणाली. मी दोनदा सुपारी चघळल्यासारखं तोंड हलवलं. शेवटी कागद पुढं केला. "हे वाचून दाखव. मला येत न्हाय."

तिनं झाडू ठेवला, हात पदराला पुसले आणि सगळं वाचलं. वरपासून खालपर्यंत. मध्ये एकदाही माझ्याकडं बघितलं नाही, ती तिची समज. पंखाच्या जागी आली तेव्हा म्हणाली, "दोन करा. दुसरा आरशात दिसतो तसा." दोन मिनिटांचंसुद्धा काम नव्हतं. अर्धं मिनिट.

ड्रॉइंग पालथं घालून टोचे पाडले. ताव नव्हता, म्हणून दुसऱ्या एका चादरीच्या खोक्याचं झाकण घेतलं, आतून पांढरं असतं ते. जुना पंख वाफेवर धरून खळ सोडवली. नवा पंख वाळेपर्यंत मी जेवलो नाही. भूक नव्हती की धीर नव्हता, कोण जाणे.

मंडळी म्हणाल्या, "त्यानं या म्हटलं न्हवं? जा या अर्थानं?"

"व्हय."

"मग कशाला जाता?"

"विमान त्याचं हाय. ते पुरं करून दिल्याबिगर मी ऱ्हाणार न्हाय."

सोमवारी गेटवरच्या वॉचमननं अडवलं. शेठला विचारायला माणूस आत गेला. मी उन्हात अर्धा तास उभा. तोंडावर घाम, पण खोकं झाडाच्या सावलीत ठेवलं होतं. मग आतून निरोप आला, येऊ दे.

शेठनं विमान काढलं. आज पहिल्यांदा पंखच बघितले. डाव्यावरून हात फिरवला, उजव्यावरून फिरवला. डावा किंचित पिवळसर होता, खोक्याच्या झाकणाचा. विमान घेऊन तो ओट्यावर गेला. मी मागं गेलो नाही. खाली उभा राहिलो, टेबलाजवळ.

त्यानं सोडलं.

ते पहिल्यांदा खाली आलं. मग नाक उचललं, सरळ झालं, आणि पुठ्ठ्यांच्या थप्प्यांमधल्या वाटेवरून आवाज न करता माझ्यासमोरून गेलं. आतला माणूस पालथा पडून पुढं बघत होता. शेडच्या दुसऱ्या टोकाला ते पोटावर घसरलं, जरा वाकडं झालं आणि थांबलं. एका कामगारानं शिट्टी वाजवली.

शेठ खाली आला. विमान उचलायला गेला नाही. केबिनमधून एक ड्रॉइंग घेऊन आला, गिऱ्हाइकाचं, खोक्याचं. टेबलावर पसरलं. चारही बाजूंनी बारीक इंग्रजी.

"यात काय लिहिलंय, मामा?"

कामगार बघत होते. शिट्टीवालाही बघत होता. खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं आणि अक्षरं स्पष्ट दिसत होती, एकेक.

"मला इंग्रजी येत न्हाय," मी म्हणालो. "तुमी वाचा. एकदा सांगितलेलं मी विसरत न्हाय."

शेठनं पायानं स्टूल ओढलं, बसला, चष्मा लावला आणि पहिली ओळ वाचायला लागला.